रिकामा ठोका

तांबट आळीत रघुवीर वडक्यांच्या उजव्या हाताला
आम्ही काळा मोजा चढवला, सोळा सेन्सरचा.
"लग्नात एवढं नटवलं नव्हतं," म्हणाले
आणि खरवईवर घंगाळ पालथं घालून बसले.

तीन दिवस.
हातोडीचा प्रत्येक ठोका
बाणेरला सहाव्या मजल्यावर माझ्या पडद्यावर यायचा
हिरव्या ठिपक्यांचा होऊन.
मनगट आलं. कोपर, अंगठ्याचं पेर.
मांडी नाही आली,
गालात धरलेली सुपारी नाही,
सुटे पैसे मोजून झाल्यावर बोटांना येतो
तो वास नाही.

साफसफाईला आम्ही दोघी.
मी, आणि ऐजॉलहून लालरिनपुई.
दोन वर्षांची सोबत, दोघींचंही हिंदी मोडकं.
चेहरा एकदाच पाहिलाय तिचा,
तोही नेट गेल्यावर गोठलेला, तोंड अर्धं उघडं.
मी तिला ओळखते ती कर्सरवरून.
जांभळा. काही खोडण्याआधी
त्याच्याभोवती एक घिरटी घालतो,
मांजर बसण्याआधी घालते तशी.

मठाराचे ठोके एकाला एक खेटून पडतात,
पण वडक्यांचा हात दर दोन ठोक्यांनंतर
वरच राहायचा.
सेकंदाचा तिसरा हिस्सा. काही न करता.
कचरा, मी म्हटलं. जांभळा फिरला, थांबला,
मग हो म्हणाला.
चार हजार दोनशे अकरा रिकाम्या जागा
आम्ही चहा गार व्हायच्या आत पुसल्या.

भोसरीच्या शेडमध्ये यंत्राचा हात सलग ठोकत गेला.
घंगाळ झालं. चांगलं झालं,
खोटं कशाला बोलू.

मानधनाचा चेक द्यायला गेले तेव्हा
मोबाइलवर त्यांना त्यांचाच हात दाखवला, ठिपक्यांचा.
"मी कुठे थांबतो?" हसले.
परत पाहिलं. मग हसले नाहीत.

"तो सदूचा.
मोठं भांडं असलं की दोघं बसायचो समोरासमोर,
दोन माझे, एक त्याचा. बाराव्या वर्षापासून."
समोर आता मोबाइलची कव्हरं लटकत होती,
एकावर चकचकीत मोर.
गेले का सदूकाका, मी हळूच विचारलं.
"मरतोय कशाला! धायरीला असतो, मुलाकडे.
गुडघे गेले." चेक घडी करून खिशात.
"हाताला कुणी कळवलंच नाही म्हणायचं."

जुनी फाइल सापडली. नशीब.
रिनीला सगळं सांगायला
मला हिंदीत 'रिकामा' शब्द तीनदा वापरावा लागला.
जांभळा ठिपक्यांभोवती फिरत राहिला,
कितीतरी वेळ, कुठेच न बसता.

ही फाइल कुणी मागितलेली नाही.
ही चालवली तर दिवसाला सहा घंगाळं कमी,
हे मला पाठ आहे, मीच तो तक्ता केलाय.
तरी रात्री घरी लावली.
हात उचलला. एक, दोन,
आणि थांबला,
समोरच्याला वाट देऊन.

तिकडे ऐजॉलमध्ये रिनीनं स्टीलच्या मगावर
चमचा मारला.
आवाज डोंगर, तारा, कुठले कुठले सर्व्हर करत
उशिरा पोचला, वडक्यांच्या पुढच्या ठोक्यावर आदळला.
परत. परत उशीर. ती काहीतरी पुटपुटली,
मिझोमध्ये, बहुधा शिवी.
मग तिनं हात उचलण्याआधीच मारायला घेतलं,
न दिसणाऱ्या जागेच्या अंदाजानं,
अलीकडे, अजून थोडं अलीकडे,

बसला.

आम्ही बोललो नाही. वडक्यांचे दोन, तिचा एक.
मान माझी हलत होती, ते नंतर कळलं.

सोसायटीच्या ग्रुपवर खालचे दामले:
रात्री साडेअकराला कोण काय ठोकतंय?